रविवर्म्याच्या चित्राचें मोल

२०२३ सालच्या एप्रिल महिन्यांत मुंबईच्या एका लिलांवांत राजा रविवर्म्याचें 'यशोदा-कृष्ण' हें तैलचित्र ३८ कोटी रुपयांस विकलें गेलें. हें वर्तमान सांगलीस आलें तेव्हां आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. आमच्या मातोश्रींच्या देवघराशेजारीं रविवर्म्याची छापील लक्ष्मी कांचेंत बसवून टांगलेली असे. आम्ही पदवीधर होऊन घरीं आलों तेव्हां इंग्रजी टीकाग्रंथांच्या भरांत ती तसबीर 'बाजारी' ठरवून आम्हींच भिंतीवरून उतरविली. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं ती स्वयंपाकघरांत नेऊन ठेविली. ३८ कोटींची वार्ता ऐकतांच मुलांनीं तीच तसबीर पुसून दिवाणखान्यांत लाविली. आम्हांस मनांत लाज वाटली ती ही, कीं तसबीर उतरली ती परक्यांच्या शब्दावरून, आणि पुनः चढली तीहि परक्यांच्याच शब्दावरून!

रविवर्म्याचें चरित्र वाचकांस स्थूलमानानें ठाऊकच आहे. १८४८ सालीं त्रावणकोर संस्थानांतील किळिमानूर येथें त्याचा जन्म झाला. तैलरंगाची विद्या त्यानें कोणत्याहि शाळेंत घेतली नाहीं. त्रावणकोरच्या दरबारीं आलेला थिओडोर जेन्सन हा चित्रकार काम करीत असतां नुसतें पाहून जें उचलतां आलें तें त्यानें उचललें. १८७३ सालीं व्हिएन्नाच्या प्रदर्शनांत त्यास पारितोषिक मिळालें. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं त्याजकडून चौदा पौराणिक चित्रें करवून घेतलीं. १८९४ सालीं त्यानें मुंबईजवळ घाटकोपरास शिळाछापाचा कारखाना काढला. तो पुढें लोणावळ्यानजीक मळवलीस गेला. तेथूनच लक्ष्मी व सरस्वती महाराष्ट्रांतील घरोघरीं शिरल्या. १९०६ सालीं तो वारला.

त्याच्या आधीं एकच वर्ष, १९०५ सालीं, फ्रान्समध्यें बूगरो हा चित्रकार निवर्तला. तो सरकारमान्य कलापीठाचा अध्वर्यु. गुळगुळीत रंगकाम, निर्दोष शरीररेखा आणि पौराणिक विषय हें त्याचें भांडवल. जिवंतपणीं धनिकांनीं त्यास डोक्यावर घेतलें. मरणानंतर नव्या पंथाच्या टीकाकारांनीं त्याचें नांव हेटाळणीचा शब्द करून सोडलें. १९८४ सालीं पॅरिसांत त्याचें मोठें प्रदर्शन भरलें आणि वारा पुनः फिरला. तथापि २०१९ सालीं त्याचें 'बॅकसचें तारुण्य' हें प्रचंड चित्र न्यूयॉर्कच्या लिलांवांत मांडलें गेलें तेव्हां अडीच ते साडेतीन कोटी डॉलरांची अपेक्षा असूनहि तें विकलेंच गेलें नाहीं. चित्र तें तेंच. आशा मात्र कोट्यवधींची, आणि हातीं शून्य.

रविवर्म्याच्याहि कीर्तीस अशीच भरती-ओहोटी लागली. तो गेल्यावर आनंद कुमारस्वामींसारख्या पंडितांनीं त्याची कला परकीय वळणाची व नाटकी ठरविली. पुढें १९९३ सालीं दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत त्याचें प्रदर्शन झालें आणि विद्वानांस त्याची पुनः ओळख पटली. मध्यंतरीं १९७९ सालीं सरकारनें त्याच्या कृती राष्ट्रीय कलानिधि ठरविल्या. तेव्हांपासून त्या देशाबाहेर नेतां येत नाहींत. त्याचीं कित्येक उत्तम चित्रें बडोदें, म्हैसूर व त्रिवेंद्रम येथील संग्रहांत कायमचीं बसलीं आहेत. बाजारांत येतात तीं थोडीं, आणि घेणारे धनिक पुष्कळ. तेव्हां ३८ कोटी या आंकड्यांत कलेचा अंश किती आणि दुर्मिळतेचा किती, हें लिलांव पुकारणारासहि सांगतां येणार नाहीं.

या विचारांत असतांच आम्ही सातारा जिल्ह्यांतील औंधास जाऊन आलों. तेथील अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि स्वतः चित्रकार होते. यमाईच्या डोंगराच्या उतारावर १९३८ सालीं त्यांनीं आपला संग्रह सर्वांस खुला केला. तेथें रविवर्म्याचीं तैलचित्रें आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची पाषाणांतील मातामूर्तीहि आहे. त्या चित्रांस आज बाजारभाव नाहीं, कारण तीं विकाऊ नाहींत. म्हणूनच तेथें डोळा मोकळा राहतो.

मोकळ्या डोळ्यानें पाहतां आम्हांस काय दिसलें? कुमारस्वामींचा आक्षेप अगदींच खोटा नाहीं. रविवर्म्याचीं पात्रें पडदा वर जातांच ठाकठीक उभीं राहिल्यासारखीं वाटतात. परंतु ज्या सांगलींत १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें, त्या गांवच्या माणसानें नाटकीपणास दोष देतांना किंचित् थांबावें. देव मनुष्यदेहानें समोर यावा ही भूक भाव्यांच्या प्रेक्षकांची होती, तीच रविवर्म्यानें रंगांनीं भागविली. त्याच्या 'हंस-दमयंती'ची आठवण करावी. दमयंतीचा डौल रंगभूमीवरचा खरा. पण हंसाचा शब्द न् शब्द ती ऐकत आहे हें तिच्या मानेच्या कलण्यावरून कळतें. ऐकणें चितारणें सोपें नव्हे. जेथें तो बोलणारे, हातवारे करणारे वीर काढतो तेथें तो उणा पडतो. जेथें एक स्त्री ऐकते, वाट पाहते किंवा भिऊन थबकते, तेथें तो खरा कलावंत ठरतो. लुगड्याची निरी आणि जरीचा काठ हीं तर त्याचीं हातखंडा कामें. तथापि तेवढ्यावर त्यास थोर म्हणूं नये.

हा आमचा अभिप्राय. तो चुकीचा असूं शकेल, पण तो उसना नाहीं. किंमत दुसरा ठरवितो. मोल ज्याचें त्यानें पाहून ठरवावयाचें असतें. वाचकांनीं मुलांबाळांस घेऊन एकदां औंधास जावें आणि चित्रांपुढें उभें राहून आंकडे घटकाभर विसरावे.

दिवाणखान्यांतील लक्ष्मी आम्ही परतल्यावर पुनः स्वयंपाकघरांत नेऊन टांगली. या वेळीं अवमानानें नव्हे. आमच्या घरांत त्या तसबिरीकडे रोज पाहणारें एकच माणूस होतें, आणि त्याची जागा तेथें होती.