एक पेसो की दोन पेसो?

1780 च्या ऑगस्टमध्ये स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने अमेरिका खंडातल्या आपल्या प्रजेकडून एक देणगी मागितली. इंग्लंडशी युद्ध पुकारून वर्ष उलटले होते आणि खजिन्याला पैसा हवा होता. देणगीचा दर आदेशातच ठरवून दिला होता. स्पॅनिश आणि उमराव मंडळींनी माणशी दोन पेसो द्यायचे, मूळनिवासी आणि इतर जातींच्या लोकांनी माणशी एक. या वसुलीला ‘दोनातिवो’ म्हणजे ऐच्छिक दान म्हणत. राजाने दर ठरवून मागितलेले दान कितपत ऐच्छिक असते, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

दोनशेहून अधिक वर्षांनी या दोन पेसोंना अनपेक्षित मोल आले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्वातंत्र्ययुद्धातल्या पूर्वजांच्या वंशजांच्या दोन मोठ्या संस्था आहेत. ‘सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ 1889 ची आणि ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ 1890 ची. सदस्य व्हायचे तर त्या युद्धाला हातभार लावलेला एक पूर्वज दाखवावा लागतो आणि त्याच्यापासून आपल्यापर्यंतची प्रत्येक पिढी जन्म, विवाह, मृत्यू यांच्या कागदांनी जोडून द्यावी लागते. स्पेन 1779 मध्ये इंग्लंडविरुद्ध युद्धात उतरले, म्हणून त्या काळात स्पेनच्या चाकरीत असलेल्या सैनिकांचे वंशजही या दारातून आत येऊ लागले. लुइझियाना, टेक्सस, न्यू मेक्सिको आणि कॅलिफोर्निया इथल्या जुन्या स्पॅनिशभाषक घराण्यांत गेल्या काही दशकांत अशा शोधाने चांगलाच जोर धरला आहे. या शोधातून तयार होणारी कागदपत्रे हाही एक वाङ्मयप्रकार आहे, आणि त्याची समीक्षा व्हायला हवी.

पूर्वेकडच्या घराण्यांचा दावा सरळ आहे. लुइझियानाचा गव्हर्नर बर्नार्डो दे गाल्वेझ याने 1779 मध्ये बॅटन रूज, 1780 मध्ये मोबिल आणि 1781 च्या मे महिन्यात पेन्साकोला इंग्रजांकडून जिंकून घेतले. त्याच्या सैन्यासाठी टेक्ससमधल्या कुरणांवरून हजारो गुरे हाकत नेली गेली. अमेरिकी संसदेने 2014 मध्ये गाल्वेझला मरणोत्तर मानद नागरिकत्व दिले. त्याच्या हाताखाली लढलेल्या किंवा ती गुरे हाकलेल्या माणसाचा वंशज ‘माझा पूर्वज या युद्धात होता’ असे म्हणाला, तर हरकत घ्यायला जागा नाही.

कॅलिफोर्नियाची गोष्ट वेगळी आहे. तिथे सान दिएगो (1769), मॉन्तेरे (1770), सान फ्रान्सिस्को (1776) आणि सान्ता बार्बरा (1782) ही चार ठाणी, त्यांना ‘प्रेसिदिओ’ म्हणत. तिथला शिपाई म्हणजे ‘सोल्दादो दे कुएरा’, बाणांपासून बचावासाठी कातड्याचा जाड अंगरखा घालणारा घोडेस्वार. या युद्धात त्याची इंग्रज फौजेशी कधी गाठ पडली नाही. मिशनवर पहारा देणे, टपाल पोचवणे, घोडे राखणे आणि मिशनमधून पळून गेलेल्या मूळनिवाशांना धरून आणणे ही त्याची कामे. तरीही 1779 ते 1783 या काळात तो पगारपत्रकावर होता, किंवा त्याच्या ठाण्यातून दोनातिवो गोळा झाला, एवढ्यावर त्याचा वंशज अर्ज करू शकतो.

या अर्जदारांना मोठा आधार मिळाला तो ग्रॅनव्हिल हफ आणि एन. सी. हफ यांनी 1998 मध्ये काढलेल्या संकलनाचा. इंग्लंडविरुद्धच्या युद्धातले स्पेनचे कॅलिफोर्नियातले ‘पेट्रिअट’ असा त्याच्या नावाचा आशय आहे. ठाण्याठाण्यांतल्या शिपायांची नावे आणि त्यांचे कुटुंबकबिले चिकाटीने जमवलेले हे काम आहे. हौशी संशोधकाच्या अशा कष्टांबद्दल मला आदर आहे. विद्यापीठांनी ज्या शिपाईगड्यांची नावे एकत्र करण्याची फारशी तसदी घेतली नाही, ती इथे एका जागी सापडतात. माझा आक्षेप शीर्षकातल्या ‘पेट्रिअट’ या शब्दाला आहे. देशभक्त खरा, पण कोणत्या देशाचा? सिनालोआ आणि सोनोरा प्रांतांतल्या गरिबीतून भरती झालेला हा माणूस पगार, शिधा आणि पुढेमागे थोडी जमीन मिळेल म्हणून उत्तरेला आला होता. फिलाडेल्फियात काय जाहीर झाले, याचे त्याला सोयरसुतक असण्याचे कारण नव्हते. संस्थेच्या प्रवेशनियमातला शब्द इथे इतिहासाच्या पुस्तकाचे नाव होऊन बसला आहे.

आता या अर्जामागची साधने पाहू. सैन्यात भरती होताना शिपायाचा एक कागद होई. त्याचे जन्मगाव, आईबाप, वय, उंची, केसांचा व डोळ्यांचा रंग, कातडीचा वर्ण, हे सारे त्यात असे. या कागदाला ‘फिलिआसिओन’ म्हणत आणि वंशसंबंधालाही स्पॅनिशमध्ये हाच शब्द आहे. दुसरे साधन शिरगणतीच्या याद्या, म्हणजे ‘पाद्रोन’. तिसरे आणि सर्वांत मोठे साधन मिशनमधल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या. स्पॅनिश बाई लग्नानंतरही माहेरचे आडनाव ठेवते, त्यामुळे या वह्यांत आईकडची शाखाही शोधता येते. सुनांच्या माहेरच्या आडनावापाशी अडखळणारे आपले जुने कुळवृत्तांत ज्यांनी चाळले आहेत, त्यांना याचे मोल लगेच कळेल.

पण साधने निर्मळ नाहीत. 1775 च्या नोव्हेंबरमध्ये कुमेयाय लोकांनी सान दिएगो मिशन जाळले, त्यात तिथल्या वह्या गेल्या. हुनिपेरो सेरा याने पुढे लोकांच्या आठवणींवरून पहिल्या नोंदी पुन्हा लिहून काढल्या. 1906 च्या भूकंपानंतर सान फ्रान्सिस्कोत लागलेल्या आगीत स्पॅनिश काळातले सरकारी दप्तर जळाले. आज हाती आहेत ते मुख्यतः बँक्रॉफ्टने आपल्या इतिहासासाठी आधीच करून घेतलेले उतारे. ‘मूळ कागद’ म्हणून आपण जो पुढे करतो, तोही कुणीतरी निवडलेला आणि नकललेला असू शकतो.

त्याहून मोठा प्रश्न जातीच्या रकान्याचा. या याद्यांत नावापुढे ‘कास्ता’ लिहिलेली असे, एस्पान्योल, मेस्तिसो, मुलातो, कोयोते, नेग्रो, इंदिओ अशी. हा शब्द आपल्याला परका नाही. पोर्तुगीजांनी हाच शब्द आपल्या किनाऱ्यावर जातीसाठी वापरला आणि त्यातून इंग्रजांचा ‘कास्ट’ आला. मेक्सिकोत मात्र त्याचा रोख रक्ताच्या मिसळीवर होता, आणि तिथली जात माणसाच्या हयातीत बदलू शके. 1781 मध्ये लॉस एंजेलिस वसवणाऱ्या अकरा कुटुंबप्रमुखांची यादी उपलब्ध आहे. त्यांत दोन एस्पान्योल, चार इंदिओ, दोन नेग्रो, दोन मुलातो आणि एक मेस्तिसो होता. 1790 च्या शिरगणतीत त्यांच्यापैकी काहींची जात उजळलेली दिसते. माणसे तीच, पण नऊ वर्षांत घर, गुरे आणि वट आली होती आणि लेखनिकाची नजर बदलली होती.

त्या वस्तीसाठी निघालेला बारावा माणूस अंतोनियो मिरांदा रोद्रिगेस. मुलगी देवीने आजारी पडल्यामुळे तो मागे राहिला आणि पुढे सान्ता बार्बराच्या ठाण्यात हत्यारे दुरुस्त करू लागला. यादीत त्याच्यापुढे ‘चिनो’ लिहिले आहे. तो मनिलाचा, म्हणजे फिलिपिन्सचा, असे अभ्यासक मानतात. मनिलाच्या गलबतांतून मेक्सिकोत आलेल्या सगळ्याच आशियाई लोकांना चिनो म्हणत आणि त्यांत हिंदुस्थानातून धरून नेलेले गुलामही होते. शिवाय एका मिश्र जातीलाही हाच शब्द लावत. एका शब्दात इतके प्रदेश कोंबलेले असताना कोशातला पहिला अर्थ घेऊन वंशावळ रचणारा फसणारच.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. हा शिपाई एक पेसोवाला की दोन पेसोवाला? दानाचा दरच जातीवर ठरला होता, म्हणजे आज ज्या दानामुळे पूर्वज ‘देशभक्त’ ठरतो, ते दान घेताना राज्याने त्याची किंमत आधी लावली होती. शिवाय एक पेसो मूळनिवाशांच्या माथीही होता. मिशनमधल्या लोकांकडे नाणी नव्हती, त्यांच्या वाटणीचा हिशेब मिशनच्या मालमत्तेवर पडला, आणि ती मालमत्ता उभी होती त्यांच्याच कष्टांवर. अर्जाचा तर्क शेवटपर्यंत नेला तर पहिले दाते तेच ठरतात.

इथे नोंदवहीचे अख्खे पान वाचायला हवे. कॅलिफोर्नियातल्या एकवीस मिशनच्या नोंदी हंटिंग्टन ग्रंथालयाने संगणकावर आणल्या आहेत. 1769 ते 1850 या काळातले एक लाखाहून अधिक बाप्तिस्मे आणि सत्तर हजारांच्या आसपास दफने त्यांत आहेत. बहुसंख्य नोंदी मूळनिवाशांच्या आहेत. मूळ गाव, मूळ नाव, मग पाद्रीने दिलेले नाव, आणि पुष्कळदा काही वर्षांतच दफन. शिपायाच्या मुलाचा बाप्तिस्मा शोधताना बोट ज्या ओळींवरून खाली सरकते, त्या ओळी या आहेत. अर्जाला जोडलेल्या प्रतीत मात्र एकाच ओळीभोवती चौकट असते.

केरी मॅकविल्यम्स याने 1940 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या या स्पॅनिश हौसेला ‘काल्पनिक वारसा’ म्हटले. मिरवणुकीत स्पॅनिश सरदार व्हायचे आणि शेतात राबणाऱ्या मेक्सिकन मजुराशी नाते नाकारायचे, हे ढोंग त्याने उघडे केले. टीका खरी होती, पण मला ती अपुरी वाटते. 1848 मध्ये कॅलिफोर्निया अमेरिकेकडे गेल्यावर याच घराण्यांना 1851 च्या कायद्याने आपल्या जमिनीची मालकी सिद्ध करत फिरावे लागले, आणि वकिलांच्या फीपायी अनेकांच्या जमिनी गेल्या. मेक्सिकन अमलातला शेवटचा गव्हर्नर पिओ पिको 1894 मध्ये कफल्लक होऊन मेला. आपल्याच गावात उपरे ठरलेल्यांच्या पणतवंडांना ‘आम्ही तुमच्या आधीपासून इथे आहोत’ हे शिक्क्यानिशी सांगावेसे वाटले, तर मी त्यांना हसणार नाही.

आणि त्या कल्पनेला सुरुंग लावला तोही याच कागदांनी. पिओ पिकोचे आजोबा 1775–76 मध्ये आन्साच्या तांड्याबरोबर आलेले शिपाई. नोंदीत ते मेस्तिसो आणि आजी मुलाता. आजच्या बेव्हर्ली हिल्सची जमीन जिच्या मालकीची होती ती मारिया रिता वाल्देस ही लॉस एंजेलिसच्या यादीतल्या लुईस किंतेरो या ‘नेग्रो’ची नात. ही नाती वर आली ती एकेक नोंद जुळवत बसणाऱ्या चिकाटीच्या लोकांमुळे. म्हणजे दोष वंशावळ शोधण्यात नाही. प्रवेशापुरता एक पूर्वज हाती लागला की वही मिटण्यात आहे.

मॉन्तेरेच्या ठाण्यातला मान्युएल बुत्रोन हा शिपाई. 1773 मध्ये त्याने मिशनमधल्या मार्गारिता या मूळनिवासी मुलीशी लग्न केले, आणि 1775 मध्ये त्याला जमिनीचा तुकडा मिळाला. अल्टा कॅलिफोर्नियातले हे पहिले जमीनदान मानतात. जमीन मिळायला हे लग्न कारणी लागले होते. अशा जोडप्याच्या वंशजाने अर्ज करताना सेवेच्या रकान्यात बुत्रोनचे नाव लिहावे, त्याला तो हक्क आहे. पण ती जमीन त्याआधी कुणाची होती हे सांगू शकणाऱ्या बाईचे नाव त्याच नोंदीत, त्याच शाईत आहे. तेही वाचले गेले पाहिजे.