निबंध, वाचन आणि अभ्यास : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात

१

‘निबंध’ या एकाच संज्ञेत दोन भिन्न परंपरा नांदत आहेत, याकडे मराठीच्या अध्यापनव्यवहारात फारसे लक्ष गेलेले नाही. धर्मशास्त्रात निबंध म्हणजे संग्रहग्रंथ. कमलाकरभट्टाचा १६१२ मधील ‘निर्णयसिंधु’ हा त्याचा प्रसिद्ध नमुना होय. विखुरलेली वचने एकत्र बांधावयाची, त्यांतील विरोधाचा परिहार करावयाचा आणि आचरणासाठी निर्णय द्यावयाचा, हे त्याचे प्रयोजन. दुसरी परंपरा युरोपीय आहे. माँतेन्यने १५८० मध्ये आपल्या लेखनासाठी जो शब्द योजिला, त्याचा अर्थच मुळी ‘प्रयत्न’, ‘अजमावणी’ असा होतो. तेथे निर्णय आधी ठरलेला नसतो, लेखनाच्या ओघात विचार पारखला जातो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा नव्या लेखनप्रकाराला जुने नाव मिळाले, आणि जुन्या नावाबरोबर निर्णय देण्याची जुनी वृत्तीही थोडीफार आली.

महाविद्यालयीन निबंधलेखन आज या दोन्ही परंपरांना दुरावलेले दिसते. त्यात अजमावणी नाही, हे उघडच आहे. परंतु धर्मनिबंधकाराची शिस्तही त्यात उरलेली नाही. निबंधकारापुढे दोन वचने परस्परविरोधी उभी राहिली, तर त्याला त्यांची संगती लावावी लागे. गाईडमधून उचललेल्या परिच्छेदांत विरोध उभाच राहत नाही, कारण तेथे एकच मत चार वेळा निरनिराळ्या शब्दांत सांगितलेले असते. म्हणून निबंधलेखनाचा प्रश्न शैलीचा वा शुद्धलेखनाचा असण्याआधी वाचनाचा आहे. ज्याने दोन संहितांमधील विरोध कधी अनुभवला नाही, त्याच्याजवळ निबंध लिहिण्याचे कारणच नसते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्यात भाषाविषयक क्षमतावर्धन अभ्यासक्रमांचे उद्दिष्ट सांगताना चिकित्सक वाचन, विवरणात्मक लेखन आणि युक्तिवादाची मांडणी यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. ही उद्दिष्टे चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील वर्गात नेली असता त्यांना कोणता अर्थ प्राप्त होतो, हे पाहणे उद्बोधक ठरते.

२

१९८२ मध्ये जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. येथील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली आणि विद्यापीठ विद्यार्थ्याच्या जवळ आले. भाषा मात्र तितकी जवळ आली, असे म्हणता येत नाही. या प्रदेशात वैनगंगेच्या खोऱ्यातील विद्यार्थी झाडीबोली बोलतो. भामरागड-एटापल्लीकडील विद्यार्थ्याची घरची भाषा माडिया किंवा गोंडी, म्हणजे द्राविड कुळातील असते. सिरोंच्यात तेलुगू आहे, तर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली आहे. ‘मराठी (आवश्यक)’च्या तासाला हे सर्व एका बाकावर बसतात आणि त्या सर्वांची एकच भाषा आहे असे गृहीत धरले जाते.

या गृहीतकाचा पहिला परिणाम उत्तरपत्रिकेवरील लाल शाईत दिसतो. ‘पानी’चे ‘पाणी’ केले जाते, पण त्याच वाक्यातील विधानाला आधार काय, हे विचारले जात नाही. झाडीबोलीला स्वतःची व्यवस्था आहे, हे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. तरीही वर्गात ती ‘अशुद्ध मराठी’ म्हणूनच वावरते. प्रमाणभाषा शिकविण्यात काहीच गैर नाही. परंतु लेखनाच्या मूल्यमापनात वर्णाची दुरुस्ती हीच एकमेव दुरुस्ती ठरली, की विचार हा तपासण्याचा विषय नाही, एवढेच विद्यार्थी त्यातून शिकतो.

दुसरा परिणाम अधिक खोल आहे. शालेय पातळीवर निबंधाचे वर्णनात्मक, कल्पनात्मक, आत्मकथनात्मक, वैचारिक असे प्रकार पाडले जातात. फाटक्या पुस्तकाची, पडक्या वाड्याची, वठलेल्या झाडाची आत्मकथा विद्यार्थी लिहितो. सर्व अचेतन वस्तू त्याच्या लेखणीतून बोलतात, बोलत नाही तो फक्त स्वतः. ‘जंगल’ हा विषय दिला असता वनजिल्ह्यातील विद्यार्थीही हिरवा शालू, निसर्गाची मुक्त उधळण आणि मानवाची स्वार्थी वृत्ती या ठराविक मुक्कामांवरूनच प्रवास करतो. वास्तविक चैत्रात पहाटे मोहफुले वेचण्याचा, उन्हाळ्यात सत्तर-सत्तर पानांचे तेंदूचे पुडे बांधण्याचा अनुभव त्याच्या घरात असतो. कोणत्या मोहावर कोणत्या घराचा हक्क आहे, फळी कोठे लागते, पुडा कोण मोजतो, कोणता पुडा नाकारला जातो, हे त्याला ठाऊक असते. यातले काहीही निबंधात येत नाही, कारण ‘निबंधात’ असे काही येत नसते, हेही त्याला ठाऊक असते. साहित्यप्रकाराचे संकेत अशा रीतीने ज्ञानाचे द्वारपाल होतात.

३

मराठीत याहून वेगळा विद्यार्थिनिबंध लिहिलाच गेला नाही, असे नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात चालविलेल्या शाळेतील मुक्ता साळवे हिने चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. या निबंधाचे ऐतिहासिक आणि सामाजिक महत्त्व पुष्कळ वेळा सांगितले गेले आहे. येथे त्याची रचना पाहावयाची आहे. वेद केवळ ब्राह्मणांचे आहेत, हे प्रतिपक्षाचे विधान मुक्ता नाकारीत नाही. ती ते मान्य करते आणि त्याच्या शेवटापर्यंत जाते : तसे असेल तर ज्यांना वेद पाहण्याची मुभा नाही त्यांना धर्मपुस्तकच नाही, आणि ते धर्मरहित ठरतात. प्रतिपक्षाच्या प्रमाणावरून प्रतिपक्षालाच नको असलेला निष्कर्ष काढणे ही चिकित्सक वाचनाची अत्यंत प्रगत पद्धती आहे. त्याच निबंधात उघड्यावर बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे दुःख येते, ते दयेसाठी केलेले वर्णन म्हणून नव्हे, तर युक्तिवादातील पुरावा म्हणून.

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) या निबंधातही हेच घडते. बुलढाण्याची ही लेखिका आपल्या काळातील कथा-नाटकांतील स्त्रीचित्रण तपासते आणि पुरुषांनी स्त्रियांवर लादलेले दोष एकेक करून पुरुषांवरच लावून पाहते. दोघींच्याही लेखनात वाचन आणि लेखन या दोन स्वतंत्र क्रिया नाहीत. वाचलेल्या विधानाला उत्तर देण्याची गरज हाच त्यांच्या निबंधाचा उगम आहे.

४

चिकित्सक वाचनाचे एक उदाहरण खुद्द गडचिरोली जिल्ह्यात, महाविद्यालयाच्या बाहेर, घडलेले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने अभ्यासगटाची पद्धत रुजली. मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकामुळे ती मराठी वाचकांना परिचित आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशात असा हक्क प्रथम मिळालेल्या गावांत त्याची गणना होते.

त्यानंतर उद्भवलेला वाद हा मुळात अर्थनिर्णयनाचा वाद होता. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘वृक्ष’ या संज्ञेच्या व्याख्येत २०१७ पर्यंत बांबूचा समावेश होता. २००६ च्या कायद्याने मात्र बांबूला गौण वनोपजात घातले. एका संहितेनुसार बांबू तोडून बाहेर नेणे हा वनखात्याच्या अधिकाराचा विषय होता, तर दुसरीनुसार तो गावाचा हक्क होता. वाहतूक परवाना कोणी द्यावयाचा, हा प्रश्न या एका शब्दावर अडला होता. २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. शब्दाची व्याख्या कोण करतो आणि तिचे परिणाम कोणाला भोगावे लागतात, हा समीक्षा-सिद्धान्ताच्या वर्गात अमूर्त वाटणारा प्रश्न येथे गावाच्या उत्पन्नाचा प्रश्न होता.

या पद्धतीतील एक गोष्ट लेखनशिक्षणाच्या दृष्टीने विशेष विचारणीय आहे. मेंढ्यात अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. अभ्यासगटात ज्याला रस आहे त्याने यावे, बाहेरच्यानेही यावे, शंका काढाव्यात, मत बदलावे. निर्णयाचे ओझे नसल्यामुळे तेथे विरोधी मत मांडणे ही आगळीक ठरत नाही. निर्णयापासून अभ्यास असा वेगळा काढणे, हे माँतेन्यच्या ‘अजमावणी’शी आश्चर्यकारकरीत्या जुळते. महाविद्यालयीन निबंधात नेमके उलट घडते. शेवटच्या परिच्छेदातील तात्पर्य आधी ठरते आणि उरलेला निबंध त्याच्याकडे नेण्यासाठी लिहिला जातो.

५

याविरुद्ध दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की अभ्यासगट ही मौखिक आणि सामूहिक प्रक्रिया आहे, निबंध ही लिखित आणि एकट्याची कृती आहे. हा आक्षेप रास्त आहे, आणि मेंढ्याचे उदाहरण जसेच्या तसे वर्गात आणता येणार नाही हे त्यावरून स्पष्ट होते. बैठकीत समोरचा माणूस तत्काळ शंका विचारतो. निबंधात शंका विचारणारा वाचक अनुपस्थित असतो आणि लेखकाला त्याची शंका स्वतःच कल्पून तिचे उत्तर द्यावे लागते. ही कल्पनाशक्ती चर्चेतून आपोआप येत नाही, ती लेखनातूनच घडवावी लागते. परंतु जिने कधी प्रत्यक्ष शंका ऐकलीच नाही, ती लेखणी शंका कल्पू शकणार नाही. चर्चा ही लेखनाची पर्यायी जागा नसून पूर्वतयारी आहे.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. विद्यार्थ्याला नोकरी हवी आहे, पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षा त्याच्यापुढे उभ्या आहेत, अशा वेळी चिकित्सेची चैन कशाला? मात्र महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षेसाठी २०२५ पासून वर्णनात्मक पद्धत स्वीकारण्याचे ठरविले, आणि तीत निबंधाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. पाठ केलेल्या परिच्छेदांची उपयुक्तता त्या परीक्षेतही मर्यादितच राहील. शिवाय या जिल्ह्यांत चिकित्सक वाचन ही चैन समजणे वस्तुस्थितीला धरून नाही. निस्तार-पत्रकात ‘सवलत’ आहे की ‘हक्क’ आहे, नोटिशीतील कर्मणी वाक्यात कर्ता का लपविला आहे, हे ओळखता न येण्याची किंमत येथील कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या मोजली आहे.

म्हणून निबंधाच्या अध्यापनात करावयाचा बदल विषयांच्या यादीपुरता असू शकत नाही. ‘पर्यावरण’ऐवजी ‘वनहक्क’ असा विषय दिला तर वर्षभरात त्याचेही गाईड निघेल. विषयाऐवजी विद्यार्थ्याला परस्परविरोधी संहिता द्याव्यात : बांबूच्या दोन व्याख्या, एकाच घटनेचे दोन वृत्तान्त, पाठ्यपुस्तकातील जंगलवर्णन आणि तेंदूच्या लिलावाची सूचना. त्यांतील विसंगती त्याला प्रथम त्याच्या भाषेत, मग ती माडिया असो वा झाडी, बोलू द्यावी आणि मगच प्रमाण मराठीत लिहावयास सांगावी. मूल्यमापनात निष्कर्षाच्या निर्दोषतेपेक्षा पुराव्याला, आणि प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडण्याला अधिक गुण असावेत. यासाठी चाळीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि वह्या दोनदा तपासण्याचा वेळ लागेल. तासिका तत्त्वावर नेमलेल्या, तीन महाविद्यालयांत धावणाऱ्या अध्यापकाकडून त्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि अभ्यासक्रमाच्या आराखड्यात याच बाबीचे उत्तर सापडत नाही.

बल्लारपूरच्या कागद गिरणीत या जंगलांतील बांबूचा कागद होत आला आहे. त्या कागदावर काय लिहिले जावे, हे ठरविण्यात जंगलातील विद्यार्थ्याचा वाटा किती, हा प्रश्न अद्याप मराठीच्या अभ्यासमंडळांपुढे यावयाचा आहे.