गुत्ता, गँग आणि गॅझेटियर

वसईच्या इतिहासावर मराठीत जे छापून आले, त्यातले बरेचसे गेल्या तीस वर्षांत मी जमवले आहे. एकट्या किल्ल्यावरच्या पुस्तकांनी कपाटाचा एक खण भरला आहे. चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या मोहिमेवर, सोपाऱ्याच्या स्तूपावर, चर्चवर, केळीच्या वाड्यांवर, आगाशीच्या सुकेळीवर लेखच लेख आहेत. रेल्वेवरही आहेत, पण ते सगळे गर्दीचे आणि वेळापत्रकाचे. खाडीच्या काठी, रुळांच्या अंगाला जे ताडीचे दुकान असायचे आणि ज्यात ड्युटी सुटल्यावर रेल्वेच्या गँगची माणसे टेकायची, त्या दुकानावर या साऱ्या संग्रहात एक पानही नाही.

मी त्या दुकानाच्या बाहेर बसलेला मुलगा आहे. वडील पश्चिम रेल्वेच्या गँगमध्ये होते. नायगावच्या बाजूला, खाडीवरच्या पुलाच्या अलीकडे, झावळ्यांनी शाकारलेली एक खोप होती. आत दोन बाकडी आणि एक माठ. वडील आत जात, मी बाहेर चणे खात बसे. समोर खाडी, खाडीत पाणजू बेट, डोक्यावरून गाडी. माझे इतिहासातले शिक्षण कॉलेजात झालेले नाही. ते तिथे सुरू झाले आणि पुढे ग्रंथालयांतून चालू राहिले. ही पार्श्वभूमी आधीच सांगितलेली बरी, म्हणजे पुढच्या टीकेत माझा हितसंबंध कुठे आहे ते वाचकाला कळेल.

सुरुवात ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरपासून केली पाहिजे, कारण वसईवर लिहिणारा प्रत्येक जण तिथूनच उचलतो. जेम्स कॅम्बेल यांनी सिद्ध केलेला हा तेरावा खंड १८८२ साली दोन भागांत निघाला. त्याच वर्षी पंडित भगवानलाल इंद्रजी सोपाऱ्याचा स्तूप खणत होते. गॅझेटियर थोर आहे याबद्दल वाद नाही. मी ते इतक्यांदा चाळले आहे की माझ्या प्रतीची शिवण उसवली आहे. पण त्याची रचना पाहा. ताडाचे झाड उत्पन्नाच्या प्रकरणात आहे. ते झाड छेदणारा भंडारी लोकसंख्येच्या प्रकरणात, इतर जातींच्या रांगेत. रेल्वे आणि तिची स्टेशने व्यापाराच्या प्रकरणात. आणि ताडी-दारूवरचा कर महसुलाच्या प्रकरणात. झाड, माणूस, गाडी आणि पैसा हे चौघे रोज संध्याकाळी एकाच खोपीत एकत्र येत होते, पण ग्रंथात त्यांची कधी गाठ पडत नाही. ते पुस्तक कलेक्टरासाठी लिहिलेले होते आणि कलेक्टराचे दप्तर असेच खात्यांत विभागलेले असे. तो दोष कॅम्बेलचा नव्हे. दोष आपला आहे. आपण त्या पुस्तकातून माहिती घेतली आणि माहितीबरोबर त्याचे खणही घेतले. आजही वसईवरचे स्थानिक इतिहास याच खणांतून लिहिले जातात.

ती गाठ किती घट्ट होती हे पाहण्यासाठी दोन तारखा शेजारी ठेवतो. बीबीसीआय रेल्वेचा मार्ग उत्तरेकडून येत १८६४ साली वसईची खाडी ओलांडून ग्रँट रोडला पोहोचला. खाडीवरचे पूल कर्नल केनेडी यांच्या पद्धतीचे होते: चिखलात स्क्रूसारखे पिळून बसवलेले लोखंडी खांब आणि त्यावर साठ फुटी गर्डर. १२ एप्रिल १८६७ पासून विरारहून बॅकबेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली. खारे पाणी लोखंड खाते. त्यामुळे पूल बांधून झाला म्हणून माणसे गेली नाहीत. रंगारी, खलाशी, गँगवाले, मुकादम, गेटमन, पावसाळ्यात कंदील आणि फटाके घेऊन रुळांवर गस्त घालणारे, अशी एक कायमची वस्ती खाडीच्या दोन्ही तीरांना लागली. ही झाली पहिली तारीख. दुसरी १८७८ ची, मुंबई अबकारी कायद्याची. त्याआधी भंडारी ताडी काढत, तिचीच दारू गाळत आणि गावातच विकत. नव्या व्यवस्थेत गावच्या भट्ट्या बंद करून गाळप सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या कारखान्यांत नेण्यात आले. ठाणे जिल्ह्यासाठी ते ठिकाण उरण होते. छेदल्या जाणाऱ्या प्रत्येक झाडावरचा कर चढत गेला. भंडाऱ्यांनी अर्ज-विनंत्या केल्या, चळवळ केली, अनेकांनी धंदा सोडला. पुढे १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आली. म्हणजे रेल्वेने रोकड पगार घेणारा, घरापासून तुटलेला गिऱ्हाईक आणून बसवला आणि चौदा वर्षांत सरकारने त्याच्या पेल्यावर परवाना बसवला. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्याशिवाय खाडीकाठच्या दुकानाचा जन्मच समजत नाही. आपल्या पुस्तकांत त्यांच्यामध्ये शे-दोनशे पानांचे अंतर आहे.

आपला शब्दही याची साक्ष देतो. आपण दारूच्या दुकानाला ‘गुत्ता’ म्हणतो. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता, ठेका. मराठवाड्यात अजूनही रस्त्याचे कंत्राट घेणाऱ्याला गुत्तेदारच म्हणतात. म्हणजे माणसे जिथे बसतात त्या जागेला मराठीने जे नाव दिले ते बसणाऱ्यांवरून नाही, वसुलीवरून. इंग्रजांच्या ‘पब’चे पूर्ण रूप ‘पब्लिक हाउस’, लोकांचे घर. भाषेवरून समाजाची परीक्षा करू नये हे मला मान्य आहे, पण इतिहासलेखकांची करायला हरकत नाही. त्यांनी गुत्त्याकडे मक्ता म्हणूनच पाहिले.

ललित साहित्याने तरी वेगळे पाहिले का? १९१९ साली रंगभूमीवर आलेले गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ हे मराठीतले दारूवरचे सर्वात मोठे नाटक. त्यात तळीरामाचे ‘आर्यमदिरामंडळ’ आहे. मराठीच्या अभिजात वाङ्मयात माणसे एकत्र पिताना दिसतात अशी ठळक जागा म्हणून मला तीच आठवते आणि ती विडंबन आहे. सभा, ठराव, अध्यक्ष यांची टिंगल करण्यासाठी गडकऱ्यांनी पेला वापरला. नाटकाचे केंद्र सुधाकर, शिकलेला वकील. त्याचे पिणे ही त्याची वैयक्तिक शोकांतिका आहे आणि सिंधूची त्याहून मोठी. नाटक म्हणून हे जबरदस्त आहे. माझी तक्रार नाटकाशी नाही, त्याच्या दीर्घ सावलीशी आहे. त्यानंतर मराठीत दारू म्हटली की एका घराचा नाश हे समीकरण इतके पक्के झाले की आठ तास खडी फोडून आलेली दहा माणसे एका बाकड्यावर बसून काय बोलतात हा प्रश्नच कुणाला पडला नाही. अत्र्यांचा ‘ब्रँडीची बाटली’ १९३९ चा. त्याच वर्षी मुंबई शहरात पहिली दारूबंदी आली. मास्तर विनायकांच्या त्या चित्रपटात दामूअण्णा मालवणकरांचा भोळा बगाराम ब्रँडी म्हणजे काय हे न कळता ती शोधत फिरतो. हसून पुरेवाट होते. पण तिथेही पिणारे कोण? मध्यमवर्गाचा निरागसपणा आणि मध्यमवर्गाचे ढोंग, यांच्या पलीकडे कॅमेरा जात नाही.

दोन अभ्यासकांनी मात्र मला वाट दाखवली. इंद्रा मुन्शी साल्दान्हा यांचा ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’तला १९९५ चा लेख आणि डेव्हिड हार्डिमन यांचे १९८७ चे देवी चळवळीवरचे पुस्तक. साल्दान्हांनी ठाणे जिल्ह्याचीच कागदपत्रे घेऊन दाखवले की ‘दारुडेपणा’ नावाची गोष्ट बऱ्याच अंशी महसुलाच्या धोरणातून घडली. हार्डिमन यांचे पुस्तक तर आपल्या दारातून सुरू होते. १९२२ च्या सुमारास दक्षिण गुजरातच्या आदिवासींना दारू-ताडी सोडायला लावणारी ती देवी निघाली आपल्या पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतून, देवीच्या साथीत. ही हकिगत पालघर जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांना माहीत नसते याचे मला नेहमी वाईट वाटते. पण या दोघांच्या लेखनातही दुकान म्हणजे पिळवणुकीचे ठिकाण. दुकानदार सावकारही असतो, उधारी जमिनीवर चढते, गिऱ्हाईक आदिवासी. डोंगरपट्टीत ते खरेच होते. रुळांकाठी चित्र थोडे निराळे होते. तिथल्या गिऱ्हाइकाकडे जमीन नव्हती, पगार होता. तो दुकानदाराचा कूळ नव्हता. आणि एका बाकड्यावर रत्नागिरीचा, खानदेशचा आणि उत्तरेकडचा माणूस बसायचा, जे क्वार्टर्सच्या नळावर सहसा घडत नसे. माझ्या वडिलांना हिंदी त्या खोपीत आली. मुकादमाने कोणाची हजेरी कापली, कोणाच्या गावी पैसे पाठवायचे, पुलावर कुठला गर्डर वाजतो, हे सगळे तिथे बोलले जाई. युनियनची वर्गणीही मी तिथे गोळा होताना पाहिली आहे.

ताडीचा स्वभावही यात आला. पहाटे उतरवलेला रस गोड असतो. मडक्याला आतून चुना लावला तर तो नीरा म्हणून टिकतो, नाही तर आंबायला लागतो, संध्याकाळपर्यंत चढतो आणि दुसऱ्या दिवशी त्याची वाट शिरक्याकडे लागते. त्याच ताडीने वसईच्या ख्रिस्ती घरांत फुग्यांचे पीठ फुगते. बाटलीत भरून दूर नेण्यासारखा हा माल नाही. तो झाडाजवळच प्यावा लागतो आणि म्हणून तो माणसांना जागेशी बांधतो. सरकारलाही हे कळले होते. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर ताडी बेकायदा झाली, स्टेशनांवर नीरेचे स्टॉल आले, खाडीतल्या तिवरांत हातभट्ट्या पेटल्या. पुढे बंदी सैल झाल्यावर ताडीच्या दुकानांसाठी १९६८ साली जे नियम आले, त्यांत दुकानाबरोबर झाडाच्या बुंध्याशी होणाऱ्या विक्रीचीही वेगळी सोय आहे. झाडाचा बुंधा हे दुकान असू शकते हे ज्या राज्याच्या नियमावलीला समजले, ते त्याच राज्याच्या इतिहासकारांना समजू नये?

इथे विलायतेचे उदाहरण देतो, कौतुक म्हणून नव्हे, तुलनेसाठी. लंडनच्या नन्हेड भागात ‘आयव्ही हाउस’ नावाचे पब आहे. २०१२ मध्ये ते विकले जाणार असे कळल्यावर रहिवाशांनी ते आधी वारसा-यादीत आणि मग नव्या स्थानिक कायद्याखाली ‘समाजाच्या मोलाची मालमत्ता’ म्हणून नोंदवून घेतले आणि पुढच्या वर्षी वर्गणी-कर्ज काढून स्वतःच विकत घेतले. तिथे कोणी राजा राहिला नव्हता. लोक बसत होते एवढेच. आपल्याकडे काही वर्षांपूर्वी स्थानिक वारसास्थळांची यादी करण्यासाठी एक बैठक झाली, तिला मी गेलो होतो. नायगावच्या दुकानाची जागा मी सुचवली. लोक आधी हसले, मग एका सद्गृहस्थांनी समजुतीने विचारले, “काका, तिथे दगडी बांधकाम आहे का?” नव्हते. झावळ्यांची खोप होती आणि तोवर तीही राहिली नव्हती. खाडीवर नवे पूल झाले, जुना पूल निवृत्त झाला, गँगची पद्धत बदलली. दुकान कुठल्याशा पावसाळ्यानंतर पुन्हा उभेच राहिले नाही.

पण त्या बैठकीतल्या हसण्यापेक्षा मला जास्त अडवले ते आईच्या एका वाक्याने. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी तिला त्या दुकानाबद्दल विचारले. ती म्हणाली, “तुला खाडी आठवते, मला सात तारीख आठवते.” सात तारीख म्हणजे पगाराची. त्या दिवशी ती मला वडिलांबरोबर मुद्दाम पाठवायची, हे मला पन्नाशीनंतर कळले. मी चणे खायला नेलेला मुलगा नव्हतो, पाकिटावरचा पहारेकरी होतो. ज्या बाकड्याला मी वर मोठेपण दिले त्यावर एकही बाई नव्हती आणि त्याचा हिशोब घरी एका बाईच्या माथी होता. गडकऱ्यांच्या नाटकाबद्दल मी जे लिहिले ते मागे घेत नाही, पण सिंधू ही केवळ मध्यमवर्गाची कल्पना आहे असे मी पूर्वी एका लेखात म्हटले होते, ते मात्र मागे घेतो. रेल्वे क्वार्टर्समध्ये अशा पुष्कळ होत्या. त्या दुकानाचा इतिहास लिहायचा तर तो बाकड्यावरून आणि चुलीजवळून, दोन्हीकडून लिहावा लागेल, आणि चुलीजवळचे साक्षीदार वेगाने कमी होत आहेत.

म्हणून सध्या मी किल्ल्याची पुस्तके घेणे थांबवले आहे. नायगाव, वसई रोड, विरार, वैतरणा या पट्ट्यातल्या रेल्वे कुटुंबांकडे जुन्या पगारपत्रिका, उधारीच्या वह्या, ताडीच्या दुकानाचे परवाने, झाडांच्या क्रमांकांच्या पावत्या शोधतो आहे. अबकारी खाते छेदायच्या झाडावर क्रमांक घाली. नायगावच्या बाजूला असा एक ताड अजून उभा आहे. खोडावरचे आकडे काळाने फुगले आहेत, पण पहिले दोन वाचता येतात. दिवाळीनंतर तिसरा वाचायला जाणार आहे. या वेळी आईला बरोबर नेणार आहे. ती म्हणते, झाड कुठले ते तिला माहीत आहे.