मार्कंडेयाने पाहिलेलं, मुलांनी लिहिलेलं

आज आपण मार्कंड्याला, वैनगंगेच्या काठी बसलो आहोत. इथे नदी उत्तरेकडे वाहते. सोळाव्या वर्षी मरण ठरलेलं असताना ज्या पोराने शिवाची पिंड घट्ट धरली, त्या मार्कंडेयाचं हे ठिकाण, असं लोक मानतात. ज्यांच्या निबंधांबद्दल आज बोलायचं, ती मुलंही जवळपास त्याच वयाची. विषय तीन होते: सत्य काय, प्रेम काय आणि मी कोण.

आधी तक्रार सांगतो. बहुतेकांनी उत्तरापासूनच सुरुवात केली. जग माया आहे, प्रेम म्हणजे त्याग, मी म्हणजे आत्मा. आता, ही वाक्यं टाकाऊ नाहीत. पण शंकराचार्यांनी ती वाद करून कमावली, आपण आयती उचलली. आणि व्यवहारातलं जग व्यवहारापुरतं खरं, हे तर शंकराचार्यही धरतात.

एका मुलाने लिहिलं की मोहफुलं वेचायला गेलेल्या त्याच्या काकांना वाघाने मारलं. पुढच्याच ओळीत, शेवटी सगळी माया. मी तिथेच थांबलो. काकूचं काय झालं? दुसऱ्या वर्षी टोपली घेऊन जंगलात कोण गेलं? निबंधात नाही. 'माया' हा शब्द तिथे विचार म्हणून आलेला नाही, रडू दाबायला आलाय.

आता मार्कंडेय काय करतो बघा. महाभारताच्या वनपर्वात तो युधिष्ठिराला गोष्टी सांगतो. प्रलयाच्या पाण्यात एकटाच भटकतो, दमतो, मग वडाच्या फांदीवर बाळ दिसतं. बाळाच्या पोटात अख्खं जग. पण 'जग भ्रम आहे' असं म्हणून तो मोकळा होत नाही. तो नद्यांची नावं घेतो. त्यात गोदावरी आहे, आणि आपली वैनगंगा प्राणहिता होऊन तिलाच मिळते. शेवट सापडत नाही तरी तो बघत राहतो.

सावित्रीही त्यानेच सांगितली. प्रेमावर लिहिताना बहुतेक मुलींनी तिला सोशिक बाई केलं. अहो, सत्यवान लाकडं तोडताना कोसळतो, आणि ही यमाच्या मागे चालत त्याच्याशी बोलत राहते! सासऱ्याचे डोळे, राज्य, वडिलांना मुलगे, मग स्वतःला शंभर मुलगे. तो वर दिल्यावर नवऱ्याचा जीव परत देण्यावाचून यमाला गत्यंतर उरत नाही. हे प्रेम हुशार आहे, बोलकं आहे. नशीब म्हणून गप्प बसणारं नाही.

आणि 'मी कोण'? तिथे मार्कंडेय धर्मव्याधाची गोष्ट सांगतो. तपस्वी कौशिक मिथिलेला जातो, तर ज्ञान देणारा मांस विकणारा निघतो. तो त्याला आपले आईबाप दाखवतो आणि सांगतो, तू तुझ्या आईबापांना सोडून आलास, घरी जा. आत्म्याचा प्रश्न घराच्या दारात आणून ठेवला.

मला सगळ्यात आवडलेला निबंध एका मुलीचा. ती रोवणीबद्दल लिहिते. चिखलात बायकांची ओळ. कंबर दुखते तेव्हा 'मी' असते, गाणं सुरू झालं की हात कोणाचा ते कळत नाही, आणि बांधावर मजुरी मोजताना 'मी' परत येते. मग ती विचारते, मधल्या वेळात मी कुठे होते? हा खरा प्रश्न! पण शेवटी तिनेही जोडलंच, आत्मा अमर आहे. ते वाक्य मी खोडेन. मार्क कमी करायला नाही, तिचा प्रश्न उघडा राहावा म्हणून.

दोष मुलांचा कमी, आम्हा शिकवणाऱ्यांचा जास्त. आम्ही उत्तरं पाठ करून घेतली. त्या काकांच्या मुलाला मी एवढंच सांगितलंय, निबंध परत लिही, काकूपासून सुरू कर. माया वगैरे नंतर पाहू.