रंगपटातील ऐकणे

संगीत आणि रंगभूमी या विषयावर मराठीत जे हाती लागले, ते मी वाचत आलो आहे. त्यात पदे आहेत, चाली आहेत, साथीदार आहेत. रंगभूषेवरही थोडेफार आहे. पण चेहऱ्याला रंग लागत असताना नटाच्या कानावर काय पडते आणि त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न माझ्या वाचनात कुठे आला नाही. समीक्षक पडदा उघडल्यावर ऐकू लागतो. नट त्याच्या बराच आधीपासून ऐकत असतो.

मी कोणत्याही विद्यापीठाचा नाही. नोकरी सांभाळून गेली चौदा वर्षे सिंधुदुर्गातील आणि पेडण्याकडील जत्रांना जातो, दशावतारी मंडळांच्या रंगपटात कोपरा धरून बसतो आणि वहीत टिपणे करतो. हा लेख त्या टिपणांवर उभा आहे. शिवाय तो एक चूक दुरुस्त करण्यासाठीही आहे. पूर्वी एका स्मरणिकेत मी लिहिले होते, की मृदंगाच्या लयीवर नटाचा हात चालतो, संगीताने त्याचे मन प्रसन्न होते आणि त्या प्रसन्नतेतून चेहऱ्यावर रेषा उमटतात. वाक्य लोकांना आवडले होते. ते खरे नव्हते.

संगीताने मन फुलते आणि मन फुलले की कल्पना सुचतात, हे आपण गृहीतच धरतो. प्रयोगशाळेतला पुरावा मात्र इतका सरळ नाही. 1993 मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटा अहवाल आला. 36 विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्ट ऐकवल्यावर आकृत्यांची कोडी सोडवण्यात त्यांची कामगिरी थोडी सुधारली आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत विरला. जगभर त्याचा गाजावाजा झाला. पुढे 2001 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवले, की किमया मोझार्टची नव्हती. ऐकणाऱ्याला आलेली तरतरी आणि बदललेली मनःस्थिती यांतून तो फरक पडत होता. 2017 च्या एका अभ्यासात आनंदी संगीत ऐकणाऱ्यांना अधिक कल्पना सुचल्या. 2019 च्या दुसऱ्या अभ्यासात शब्दकोडी सोडवणाऱ्यांना मागे चाललेल्या संगीताचा उलट अडथळाच झाला. यातला प्रत्येक माणूस खुर्चीत बसून, दुसऱ्याने निवडलेले संगीत ऐकत, दुसऱ्याने दिलेले कोडे सोडवत होता. रंगपटातला माणूस वेगळ्याच कामात असतो.

आपल्या जुन्या शास्त्रात या कामाच्या खुणा आहेत. नाट्यशास्त्रातील पूर्वरंगाची पहिली नऊ अंगे पडद्याआड होतात. वाद्ये मांडणे, गायकांनी बसणे, सूर जुळवणे, हात मोकळे करणे असा तो क्रम आहे. आहार्य अभिनयाच्या अध्यायात पांढरा, निळा, पिवळा आणि तांबडा हे चार मूळ रंग आणि त्यांची मिश्रणे सांगितली आहेत. जीव एक देह टाकून दुसऱ्यात शिरतो, तसा रंग आणि वेष चढवल्यावर नट दुसऱ्याचा स्वभाव धारण करतो, असेही तिथे म्हटले आहे. वाद्य जुळवणे एका अध्यायात आणि चेहरा रंगवणे दुसऱ्या, त्यामुळे आपणही दोन्ही वेगळे वाचत आलो. पडद्याआड ती शेजारी शेजारीच चालत असणार.

दशावतारात ते आजही डोळ्यांना दिसते. पालखीची प्रदक्षिणा झाली, की मध्यरात्रीच्या सुमारास आडदशावतार सुरू होतो. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासूर अशी सोंगे येऊन जातात. त्या वेळी मुख्य आख्यानातील नट आत पेटाऱ्यांसमोर बसून स्वतःचा चेहरा स्वतः रंगवत असतात. वेगळा रंगभूषाकार नसतो. समोर आरसा, उजेडाला एक दिवा, आणि बाहेरून पायपेटी, मृदंग, झांज. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही, की या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथासूत्र ठरते, कामे वाटली जातात. संवाद मात्र नट रंगमंचावर रचतो. म्हणजे रंग लावण्याचा तो वेळ हीच त्याची तालीम.

मी हात बघत बसलो तेव्हा माझे जुने वाक्य ढासळले. मृदंग चढत गेला, की भुवईची काडी धरलेला हात थांबायचा. नट आरशात बघत राहायचा, ओठ किंचित हलायचे. द्रुत ओसरली, पेटी एका सुरावर स्थिरावली, की रेषा एका दमात ओढली जायची. लयीत हात चालवणारा नट मला एकही दिसला नाही. बुजुर्ग नटाला, त्यांना सगळे आबा म्हणतात, मी माझा तो लेख वाचून दाखवला. ते हसले. म्हणाले, “हात ताल धरूक लागलो तर भुवई वाकडी जातली. हात गप रवाक व्हयो. कानान ऐकाचा आनी मनात बोलाचा.”

या तीन वाक्यांत माझ्या प्रश्नाचे उत्तर होते. रेषा ओढण्याचे काम हाताला इतके पाठ असते, की त्याला मनाची फारशी गरज लागत नाही. कान बाहेरच्या सुरात गुंतलेला असतो, म्हणून रंगपटातला गोंगाट बाजूला पडतो. अशा वेळी मन रिकामे सापडते आणि त्यात आजचे संवाद जुळू लागतात. पेटी कोणत्या पट्टीत आहे, मृदंगवाला आज कसा हात टाकतो आहे, समोरचे प्रेक्षक कुठे हसले, हे सगळे त्या ऐकण्यातच नटाला कळते. संगीत त्याला खूश करते की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. ते त्याला आजच्या रात्रीची बातमी देते.

म्हणूनच पुढच्या बदलांची मला काळजी वाटते. आडदशावतार आता आवरता घेतला जातो. प्रेक्षकांना आख्यान लवकर हवे असते. तेवढाच नटाचा हा वेळ कमी होतो. दोन वर्षांपूर्वी राणीचे काम करणारा एक तरुण नट कानात इअरफोन घालून रंग लावत होता. मी मनात नाक मुरडले. कोणते गाणे, असे विचारल्यावर त्याने एक इअरफोन माझ्या कानात दिला. आत गाणे नव्हते. पेटीचा नुसता सूर होता, मंडळाच्याच पेटीवाल्याने फोनवर भरून दिलेला. बाहेर दुकानांचे लाऊडस्पीकर आणि जनरेटर होते. पेटी आत पोहोचतच नव्हती. मुलगा परंपरा मोडत नव्हता, जमेल तशी वाचवत होता.

पण त्या रात्री आणखी एक गोष्ट घडली. शेजारी बसून रंग लावणाऱ्या दोघांनी प्रसंगाचा एक धागा ऐनवेळी बदलला. इअरफोनमुळे त्याला ते कळले नाही. रंगमंचावर राजाने त्या नव्या धाग्यावरून प्रश्न टाकला आणि राणी अडली. पेटीवाल्याने तत्काळ एक लहान सुरावट धरली, दोनदा फिरवली. तेवढ्यात मुलाने उत्तर जुळवले, आणि चांगले जुळवले. लोकांना ती राणीची मानी शांतता वाटली. टाळी पडली.

फोनने त्याला सूर दिला होता, पण सोबतची माणसे दिली नव्हती. ती पेटीवाल्याने भरून काढली. रंग लावताना काय ऐकावे, याचे उत्तर आवडीच्या गाण्यांच्या यादीत सापडणार नाही. ज्यांच्याबरोबर रात्र काढायची आहे, त्यांना ऐकावे. एकट्याने आरशासमोर बसणाऱ्याला मनासारखे गाणे पुरेल. दशावतारी नट एकटा कधीच नसतो.

दिवाळी सरली की जत्रांचा हंगाम सुरू होतो. यंदा एका गावच्या मंडळींना मी एवढेच विचारणार आहे, की आडदशावतार चालू असेपर्यंत रंगपटाच्या बाजूचे स्पीकर बंद ठेवता येतील का. संशोधन म्हणून ही मागणी फार लहान आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्या तासाभरात सगळ्या रात्रीचे नाटक लिहिले जात असते.