चार जूनचा निफ्टी आणि ‘हुशार’ सरासरी

धरमपेठेत ट्रॅफिक पार्ककडून कॉफी हाऊस चौकाकडे निघालं की अभ्यासिकांच्या पाट्यांमध्ये आता शेअर ट्रेडिंग शिकवणाऱ्यांच्याही पाट्या दिसतात. त्याचा परिणाम आमच्या विभागापर्यंत पोचलाय. पेटची तयारी करणारे ज्युनिअर विषय घेऊन येतात: ‘ॲडॅप्टिव्ह मूव्हिंग ॲव्हरेजच्या साहाय्याने निफ्टीचा अभ्यास’. विषय वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण या तंत्राबद्दल जे दावे केले जातात ते एकदा कागद-पेन्सिल घेऊन तपासायला हवेत, आणि ते फारसं कोणी करत नाही.

आधी तंत्र समजून घेऊ. साध्या चल सरासरीची अडचण सगळ्यांना माहीत आहे. दिवस जास्त घेतले तर रेषा उशिरा वळते, कमी घेतले तर प्रत्येक हेलकाव्याला नाचते. यावर पेरी कॉफमन यांनी सुचवलेला तोडगा (त्यांचं १९९५ चं ‘स्मार्टर ट्रेडिंग’ हे पुस्तक) म्हणजे वेग बाजारालाच ठरवू द्यायचा. त्यासाठी ते ‘इफिशिअन्सी रेशो’ काढतात. गोकुळपेठेच्या बाजारात भाजी घ्यायला गेलेला माणूस एकूण दोन किलोमीटर चालला, पण निघाल्या जागेपासून पोचला फक्त दोनशे मीटर. दोनशे भागिले दोन हजार, म्हणजे ०.१. भावाचंही तसंच: दहा दिवसांतला निव्वळ फरक भागिले रोजच्या चढउतारांची बेरीज. उत्तर एकच्या जवळ आलं तर भाव सरळ चालला, शून्याजवळ आलं तर नुसताच घुटमळला. या आकड्यावरून २ दिवसांच्या वेगवान आणि ३० दिवसांच्या संथ घातांकी सरासरीच्या मधला एक गुणक निघतो, त्याचा वर्ग करायचा, आणि आजच्या भावाला तेवढं वजन द्यायचं. याच्या तीन वर्षं आधी, १९९२ मध्ये, तुषार चांदे यांनी अशीच एक सरासरी मांडली होती. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचं नाव ‘विद्या’ असं वाचलं जातं. छान नाव आहे, पण नावावर जाऊ नका.

दावा असा, की ही रेषा गोंधळात थांबते आणि खरा कल आला की धावते. बघू.

२०२४ च्या लोकसभा निकालाचा आठवडा घ्या. निफ्टीचे बंद भाव: २८ मे २२,८८८.१५, मग २२,७०४.७०, २२,४८८.६५, ३१ मे २२,५३०.७०. एक्झिट पोलनंतर ३ जूनला २३,२६३.९०. निकालाच्या दिवशी, ४ जूनला २१,८८४.५०. ५ जूनला २२,६२०.३५. ७ जूनला २३,२९०.१५, म्हणजे ३ तारखेच्याही वर.

हाताने करायला सोपं म्हणून पाच दिवसांची खिडकी धरू. ४ जूनला निव्वळ फरक १,००३.६५, वाटचाल २,५५४.१५, रेशो ०.३९. सूत्रात घातलं की त्या दिवसाच्या भावाला वजन मिळतं सुमारे ९ टक्के. दुसऱ्या दिवशी निव्वळ फरक फक्त ८४.३५, वाटचाल ३,१०६.५५, रेशो ०.०३. वजन ०.६५ टक्के! म्हणजे घबराटीच्या दिवसाला सावरण्याच्या दिवसाच्या चौदापट वजन. आदल्या दिवशी ७३३ अंक वर आणि दुसऱ्या दिवशी १,३७९ अंक खाली, असा गोंधळ वर्षानुवर्षांत एखाद्या वेळी होतो. आणि नेमका तोच दिवस सूत्राला ‘बऱ्यापैकी सरळ चाल’ वाटला. ‘खिडकी लहान घेतली म्हणून असं झालं’ असं कोणी म्हणेल, तर कॉफमन यांचीच दहा दिवसांची घेऊन बघा: ३.६ टक्के आणि ०.४६ टक्के. आठपट.

असं का होतं? कारण भागाकाराच्या वरच्या बाजूला फक्त खिडकीची दोन टोकं आहेत. भाव पडून परत निघाल्या जागी आला की निव्वळ फरक शून्याकडे जातो. व्ही आकाराच्या प्रत्येक हालचालीत पडणं ऐकलं जाणार आणि परत येणं ऐकलं जाणार नाही. आता, प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या दोन दिवसांत रेषा प्रत्यक्षात फार अंक हलली नसती, कारण ९ टक्केही मोठं वजन नव्हे. एका आठवड्यावरून तंत्र खोटं ठरत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे: गोंधळ आणि कल यांतला फरक सूत्राला ‘कळतो’ हे वाक्य प्रबंधात लिहायचं असेल तर तो फरक भाव येऊन गेल्यावरच कळतो, हेही लिहावं लागेल.

दुसरी गोष्ट वाङ्मयाच्या आढाव्याची. बहुतेक आढावे १९९० च्या दशकापासून सुरू होतात, जणू कल्पना तिथेच जन्मली. पण ट्रिग आणि लीच यांनी १९६७ मध्येच, मालाच्या मागणीच्या अंदाजासाठी, स्वतः बदलणारा गुणक मांडला होता: अंदाजातल्या चुकांची सरासरी भागिले त्यांच्या निव्वळ आकाराची सरासरी. कॉफमनच्या रेशोशी साम्य दिसलं ना? आणि १९८५ मध्ये गार्डनर यांनी घातांकी सरासऱ्यांचा मोठा आढावा घेतला तेव्हा असे बदलते गुणक स्थिर गुणकापेक्षा सरस ठरतात याचा भरवशाचा पुरावा त्यांना मिळाला नव्हता. ट्रेडिंगच्या पुस्तकांत हे येत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रकरणात यायला हवं.

आता सगळ्यात दुखरी जागा. खिडकी ५ ते ३० दिवस, वेगवान टोक २ ते ५, संथ टोक २० ते ४० पाच-पाचच्या अंतराने. झाले ५२० पर्याय. लॅपटॉपवर संध्याकाळचा चहा होईपर्यंत सगळे चालवून होतात. पाच टक्क्यांच्या कसोटीवर, काहीही दम नसताना, यातले सरासरी २६ पर्याय ‘सिद्ध’ होतील. मग त्यातला सर्वोत्तम निवडायचा आणि तक्ता टाकायचा. ‘पण सर, शेजारचे पर्यायही चालतात, म्हणजे निकाल भक्कम आहे.’ नाही रे बाबा. शेजारचे पर्याय जवळजवळ तीच रेषा काढतात, त्यामुळे नशीबसुद्धा झुबक्यानेच येतं.

ब्रॉक, लाकोनिशॉक आणि लेबॅरन यांनी १९९२ मध्ये डाऊ जोन्सच्या १८९७ ते १९८६ च्या आकड्यांवर साधे नियम चालतात असं दाखवलं आणि सगळे तेच उद्धृत करतात. सलिव्हन, टिमरमन आणि व्हाइट यांनी १९९९ मध्ये जवळपास आठ हजार नियमांचा हिशेब धरून तीच माहिती पुन्हा तपासली. सर्वोत्तम नियम पुढच्या दहा वर्षांत टिकला नाही. हा दुसरा पेपर वाचल्याशिवाय पहिला उद्धृत करू नका.

खर्चाचं थोडक्यात: डिलिव्हरीवर एसटीटीच खरेदी-विक्री मिळून ०.२ टक्के. वर्षाला वीस फेऱ्या म्हणजे ४ टक्के गेले, बाकीचे आकार वेगळेच. आणि आजच्या पन्नास शेअर्सवर मागची पंधरा वर्षं तपासू नका. येस बँक मार्च २०२० मध्ये निफ्टीतून बाहेर गेली, ती तुमच्या यादीत नसेल तर तुमचं बॅकटेस्ट आधीच गोड झालेलं आहे.

हे सगळं फक्त मार्कांसाठी सांगत नाहीये. काही जण प्रबंधाचं सूत्र ऑप्शन्सवर लावून बघतात. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला, माणशी सरासरी सुमारे दोन लाख. जेआरएफच्या ३७,००० रुपयांच्या हिशेबाने साडेपाच महिने.

मग करायचं काय? विषय टाकू नका, प्रश्न बदला. निफ्टीचे रोजचे परतावे पिसून त्यांच्यापासून हजार खोटे निफ्टी बनवा. प्रत्येकावर पूर्ण ५२० पर्याय चालवा आणि फक्त सर्वोत्तम नोंदवा. खऱ्या निफ्टीवरचा तुमचा सर्वोत्तम या हजारांत कुठे बसतो ते बघा. एकेक दिवस सुटा पिसला तर अस्थिरतेचे झुबके मोडतात, म्हणून वीस-वीस दिवसांचे तुकडे घेऊनही करून बघा. दोन्ही उत्तरं वेगळी आली तर मार्गदर्शकांना ती दोन्ही दाखवा.