माध्यमिक विज्ञान अध्यापनातील कार्यपत्रिका : आंधळगावच्या कोसा व्यवसायाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

माध्यमिक स्तरावरील विज्ञानाचे अध्यापन कृतियुक्त असावे, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने या विचाराला धोरणात्मक अधिष्ठान दिले. बालभारतीच्या इयत्ता नववी (२०१७) व दहावीच्या (२०१८) विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतून 'करून पहा', 'जरा डोके चालवा' अशा चौकटी आढळतात. तथापि कृती दिली आहे किंवा नाही, एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. त्या कृतीत विद्यार्थ्याने स्वतः ठरवावे असे काही शिल्लक राहते काय, हा खरा प्रश्न आहे. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे हातमागावरील कोसा विणकामासाठी परिचित आहे. या परिसरातील ज्ञानाच्या कसोटीवर प्रचलित कार्यपत्रिका तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रचलित कार्यपत्रिकेचे स्वरूप

साहित्य, कृती, निरीक्षण व अनुमान हा कार्यपत्रिकेचा रूढ साचा होय. 'आम्लारीच्या द्रावणात तांबडा लिटमस ....... होतो' असे वाक्य दिले जाते आणि रिकामी जागा भरावयास सांगितले जाते. 'निळा' हा शब्द लिहिण्यासाठी द्रावणाची बाटली उघडण्याची आवश्यकता नसते. पाठ्यपुस्तकातील पुढचा परिच्छेद पुरेसा असतो. जी कार्यपत्रिका प्रयोग न करताही पूर्ण गुण मिळवून देते, ती स्मरणाची परीक्षा होय.

याहून गंभीर दोष निराळाच आहे. द्रावण जुने किंवा फार सौम्य असल्याने ज्या विद्यार्थ्याचा कागद निळा झाला नाही, तोही 'निळा' असेच लिहितो. डोळ्यांनी पाहिलेले बाजूला ठेवून अपेक्षित तेवढे लिहिण्याची सवय अशा रीतीने विज्ञानाच्याच तासाला लागते. आराखड्याने विज्ञानाच्या अभ्यासक्रमासाठी बोधात्मक, आशयविषयक, प्रक्रियाविषयक, ऐतिहासिक, पर्यावरणीय व नैतिक अशा सहा सप्रमाणता सांगितल्या आहेत. प्रचलित कार्यपत्रिका आशयाच्या कसोटीला उतरते. प्रक्रिया, परिसर व नीती या कसोट्यांवर मात्र ती उणी पडते.

परिसरातील प्रयोगशाळा

टसर जातीच्या रेशीमकिड्याची जोपासना ऐन व अर्जुन या वृक्षांवर होते. कोशातील धागे सेरिसिन या चिकट प्रथिनाने एकमेकांस घट्ट जोडलेले असतात. ते सैल करण्यासाठी कोश सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाच्या पाण्यात उकळतात. अल्क कमी पडल्यास धागा सुटत नाही. अधिक झाल्यास धाग्याचीच हानी होते, कारण रेशीम हेही प्रथिनच आहे. सोडा किती घालावा व कोश किती वेळ उकळावेत, याचा कारागिराचा अंदाज म्हणजे अनुभवातून सिद्ध झालेले रसायनशास्त्र होय.

नववीच्या 'आम्ल, आम्लारी व क्षार' या प्रकरणास जोडून यावर कार्यपत्रिका रचता येईल. तीन भांड्यांत सारखेच पाणी व सारख्याच वजनाचे कोश घ्यावेत, सोड्याचे प्रमाण तेवढे बदलावे आणि उकळण्याचे काम शिक्षकाने स्वतःच्या देखरेखीखाली करावे. कोणत्या भांड्यातील धाग्याचे टोक आधी सुटते, समान लांबीचा व समान पदराचा धागा किती वजनाला तुटतो, याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी. हळदीच्या कागदाने प्रत्येक द्रावण तपासावे. येथे उत्तर छापलेले नसते. गटागटांच्या नोंदींत फरक पडतो आणि तो का पडला, हाच चर्चेचा विषय ठरतो. अखंड धागा मिळविण्यासाठी पतंग बाहेर पडण्यापूर्वीच कोशातील जीव मारावा लागतो, ही बाब नैतिक प्रश्नही उपस्थित करते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. स्थानिक व्यवसायाचे केवळ कौतुक करणे म्हणजे विज्ञान शिकविणे नव्हे. कारागिराचा अंदाजही मोजून तपासला गेला पाहिजे आणि तो चुकीचा ठरण्याची मुभा असली पाहिजे. विणकराच्या मुलाला मागाशी बांधून ठेवणे हा उद्देश नसून, घरातील ज्ञानाला वर्गात प्रश्नाचा दर्जा मिळवून देणे हा आहे.

एक पूर्वानुभव

अशा अध्यापनाचा दाखला शेजारच्या मध्य प्रदेशात सापडतो. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा शाळांतून सुरू झाला व १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात पोहोचला. इयत्ता सहावी ते आठवीसाठी असलेल्या 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत प्रयोग व प्रश्न होते. उत्तरे विद्यार्थ्यांच्या वह्यांत तयार होत. लेखी परीक्षेत पुस्तक जवळ बाळगण्यास मुभा होती आणि प्रात्यक्षिकाचीही परीक्षा घेतली जाई. साहित्यसंच, शिक्षक प्रशिक्षण व शिक्षकांच्या मासिक बैठका हे त्याचे आधार होते. २००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. त्याचा बोध स्पष्ट आहे : कार्यपत्रिका बदलून परीक्षा तशीच ठेवल्यास बदल टिकत नाही आणि शासनाचा आधार सुटल्यास तीस वर्षांचे कामही थांबू शकते.

निष्कर्ष

महाराष्ट्रात दहावीच्या विज्ञानाच्या शंभर गुणांपैकी वीस गुण प्रात्यक्षिकासाठी आहेत. अभ्यासक्रमाचा भार, मोठे वर्ग व अपुरे साहित्य या शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत. म्हणून प्रत्येक पाठासाठी नवी कार्यपत्रिका मागणे अव्यवहार्य ठरेल. परंतु सत्रातून एक तरी कार्यपत्रिका अशी असावी, की जिचे उत्तर शिक्षकालाही आधी ठाऊक नसेल आणि जिच्यात न जुळलेली पण प्रामाणिक नोंद गुणांस पात्र ठरेल. अध्यापक महाविद्यालयांनी कार्यपत्रिकेचे मूल्यमापन करताना 'प्रयोग न करता ही भरता येते काय?' हा एकच प्रश्न प्रथम विचारावा. उत्तर होकारार्थी आल्यास ती कार्यपत्रिका पुन्हा रचावयास हवी.